फर्ग्युसनला प्रवेश झाला, पुण्यात नवीन आहे : खोली, मेस, परिसर याबद्दल सल्ला हवा

पूर्णाकाठ
परभणीहून येतोय. बीएस्सी प्रथम वर्ष, फर्ग्युसन. कॉलेजच्या होस्टेलच्या यादीत नाव नाही. राहणं-खाणं मिळून महिना नऊ हजारांच्या आत बसवायचंय. कुठल्या भागात खोली बघू? मेस कशी पारखायची? सायकल आणावी का? आणि कॉलेज सुटल्यावर या भागात काय काय बघण्यासारखं, करण्यासारखं आहे? हॉटेलांची यादी नको, ती रील्समध्ये रोज दिसते.

नारायणपेठी
आधी नकाशा डोक्यात बसव, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे येत गेलास तर हनुमान टेकडी, मग कॉलेज, कॉलेजसमोर फर्ग्युसन रस्ता, त्याला समांतर जंगली महाराज रस्ता, मग मुठा नदी, आणि नदीपलीकडे शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा. नदीच्या अलीकडे, कॉलेजच्या बाजूला, खोली परवडणार नाही. परवडली तर एका खोलीत सहा कॉट असतील. तेव्हा राहायचं पेठेत आणि शिकायचं नदी ओलांडून. नारायण पेठेतून झेड पुलावरून कॉलेजच्या गेटापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

भिडे पूल जवळचा वाटेल, पण तो नदीपात्रातला बुटका पूल आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पाण्याखाली जातो आणि रहदारी बंद होते. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळचं प्रॅक्टिकल असेल तर त्याच्या भरवशावर निघू नकोस.

पेठेत 'कॉट बेसिस' असा फलक दिसेल. साधारण अडीच ते साडेचार हजार, खोलीत माणसं किती त्यावर. फोनवर ठरवू नकोस. जाऊन हे विचार: कुलपाचं कपाट स्वतंत्र आहे का, लाइटबिल भाड्यात की वेगळं, वेगळं असेल तर सबमीटर आहे का, दार रात्री किती वाजता बंद होतं, सोडताना नोटीस किती दिवसांची, डिपॉझिटमधून काय कापतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'बघू नंतर' असं आलं तर पुढचं घर बघ. पैसे यूपीआयने दे आणि मेसेजमध्ये 'डिपॉझिट' हा शब्द लिही, म्हणजे पुढे ते भाडं होतं की डिपॉझिट यावर वाद होत नाही.

ज्वारीची_भाकरी
वरच्यात भर. पाण्याचं नक्की विचारा. दुरुस्तीच्या कामांसाठी महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुतेक गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येतं. इमारतीला टाकी असेल तर कळतही नाही. जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर असाल तर दोन बादल्या बुधवारी रात्रीच भरून ठेवायच्या. वाड्यातली खोली उन्हाळ्यात गार असते म्हणून लोक भुलतात. पावसाळ्यात त्याच भिंतीला ओल धरते. पलंग भिंतीला लागून आहे का आणि भिंतीवर नुकताच रंग मारलाय का, एवढं बघा. जून महिन्यात एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर कारण उघड आहे.

दफ्तरदार
कागदाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कॉट बेसिसवाले बहुतेक करार करत नाहीत. पण दोन-तीन मित्र मिळून फ्लॅट घेणार असाल तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणंही त्याचंच काम, ते ऑनलाइन होतं. सगळ्यांची नावं करारात घाला. एकाचंच नाव असेल आणि तोच मध्ये सोडून गेला तर बाकीचे अधांतरी राहतात.

हा करार आणखी एका कामाला येतो. सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना. उत्पन्न, गुण आणि आधी वसतिगृहाला अर्ज केलेला असणं अशा अटी असतात, त्या वर्षाची जाहिरात नीट वाचा. बाहेर राहत असल्याचा पुरावा मागतात तेव्हा 'काकांकडे कॉटवर राहतो' एवढ्याने भागत नाही. अर्ज अडतात ते बहुधा दोन ठिकाणी: बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा असतो. दाखला परभणीहून निघतानाच नवा काढा. तहसीलसाठी परत जाण्यात दोन दिवस आणि एसटीचं भाडं जातं.

आणि विद्यार्थी सहाय्यक समितीकडे चौकशी केलीस का? १९५५ पासूनची संस्था आहे, ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. मुलाखत घेऊन प्रवेश देतात. राहणाऱ्याला तिथली कामंही करावी लागतात, शिस्त कडक आहे. ज्यांना ती चालते त्यांना पेठेतल्या कॉटपेक्षा केव्हाही बरं.

पूर्णाकाठ
समितीचं माहीत नव्हतं, उद्याच फोन करतो. मेसचं सांगा ना कुणी. आणि बहीणही पुढच्या वर्षी येईल, मुलींसाठी काही वेगळं बघायचं का?

ज्वारीची_भाकरी
मेस. पेठेत दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास धरा. महिना म्हणजे तीस दिवस की साठ कुपनं, हे पहिल्यांदा विचारा. कुपन असेल तर गावी गेलात तरी उरलेली पुढे चालतात. दिवसावर असेल तर 'खाडा' कसा धरतात ते विचारा. बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवस नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच खाडा मिळतो. एकदोन वेळा चुकलेलं जेवण बुडालंच.

चव बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. त्या दिवशी फीस्ट असते, गोड असतं, मेसवाला खुशीत असतो. रविवारी रात्री तर बहुतेक मेस बंदच. मधल्या वारी, रात्री नऊच्या पुढे, गेस्ट कुपन घेऊन जेवा. त्या वेळी भाजीत रस्सा किती आणि फोड किती ते दिसतं, पोळ्या गरम येतात की डब्यातल्या ते कळतं, आणि वरण संपत आल्यावर त्यात पाणी घालतात का तेही. अनलिमिटेडच्या मोहात पडू नका. अनलिमिटेड पोळ्या म्हणजे पापडाएवढ्या पोळ्या. चार मोठ्या पोळ्या आणि भाकरीचा पर्याय देणारी मेस मराठवाड्याच्या माणसाला मानवते. पहिला महिना पूर्ण भरू नका, पंधरा दिवसांचे भरा.

मुलींसाठी: गेटची वेळ दोन्ही बाजूंनी बघा. साडेआठला दार बंद करणाऱ्या होस्टेलवर राहून संध्याकाळचं प्रॅक्टिकल, ग्रंथालय, नाटकाची तालीम यातलं काहीच जमत नाही. ग्रंथालयाचं किंवा कॉलेजचं पत्र दिलं तर वेळ वाढवून देतात का, हे प्रवेशापूर्वी लेखी घ्या. मुख्य रस्त्यापासून दारापर्यंतच्या बोळात दिवे आहेत का, ते रात्रीच जाऊन बघायचं. दिवसा सगळे बोळ चांगले दिसतात.

आपटेरोड
येण्याजाण्याचं. परभणीहून येणारी एसटी 'शिवाजीनगर' म्हणून लागते, पण ते स्थानक सध्या वाकडेवाडीला आहे, शिवाजीनगर रेल्वे स्टेशनजवळ नाही. सामान असेल तर तिथून रिक्षा मीटरने घे. सामान नसेल तर बसने शिवाजीनगर मेट्रो स्टेशन गाठ. एक स्टेशन पुढे सिव्हिल कोर्ट, म्हणजे जिल्हा न्यायालय स्टेशन, तिथे गाडी बदलायची. खालच्या भुयारातून वरच्या पुलावर यावं लागतं, सरकते जिने बरेच आहेत, पाचेक मिनिटं धरून चाल. मग वनाजकडे जाणारी मेट्रो. छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना ही दोन्ही स्टेशनं जंगली महाराज रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला आहेत, कॉलेज तिथून चालत पंधरा मिनिटं. विद्यार्थी कार्डावर मेट्रोत ३० टक्के सवलत मिळते. बोनाफाइड दोन-तीन प्रतींत एकदमच काढून ठेव, पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, पासलाही लागतं.

सायकल जरूर आण. फक्त एक लक्षात ठेव: फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे, गुडलक चौकातून ज्ञानेश्वर पादुका चौकाकडे. जंगली महाराज रस्ता उलटा, डेक्कनकडे येणारा. म्हणजे जाताना फर्ग्युसन, येताना जंगली महाराज. बसचंही तसंच. संध्याकाळी कॉलेजसमोर उभं राहून डेक्कनच्या बसची वाट बघणारे नवे विद्यार्थी दर जुलैत दिसतात. ती बस तिथून जातच नाही, गल्लीतून पलीकडच्या रस्त्यावर जायचं. पुढे दुचाकी आणलीस तर पार्किंगच्या पी-१, पी-२ फलकाखाली सम-विषम तारीख लिहिलेली असते ती वाच. रात्री अकराला लावलेली गाडी बारा वाजता चुकीच्या बाजूला गेलेली असते आणि सकाळी टेम्पो तिला उचलतो.

तिसरी_घंटा
पुस्तकांबद्दल कुणी काही म्हणायच्या आत: अप्पा बळवंत चौकात जाऊन 'एफवाय बीएस्सीचा सेट द्या' म्हणू नकोस. फर्ग्युसन स्वायत्त आहे, अभ्यासक्रम कॉलेजचा स्वतःचा. दुकानदार विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा सेट काढून देतो आणि निम्मा वाया जातो. कॉलेजच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घे, पहिले दोन आठवडे फक्त ऐक, संदर्भग्रंथ कॉलेजच्या बाई जेरबाई वाडिया ग्रंथालयातून घे. अप्पा बळवंत चौक जर्नल, लॅब कोट आणि जुन्या पुस्तकांसाठी. दुपारी एक ते चार जाऊ नकोस, कारण सगळ्यांना माहीत आहे.

आता करायचं काय. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्या होतात. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची स्पर्धा, १९६३ पासून चालू. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका, तिकीट परवडणारं. भरत सदाशिव पेठेत, म्हणजे तुझ्या खोलीपासून चालत. अंतिम फेरीची तिकिटं हाती लागत नाहीत, प्राथमिकची लागतात, आणि खरी मजा तिथेच असते. 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी बाल्कनीतून आल्याशिवाय पुण्यात कॉलेजला आल्याचं कळत नाही. नुसतं बघायचं नसेल तर जुलैतच कॉलेजच्या नाट्यमंडळाच्या निवड चाचणीला जा. अभिनय येत नसेल तर प्रकाश, संगीत, नेपथ्य आहे. तिथे हातांची कायम टंचाई असते आणि विज्ञानाच्या मुलांना वायरिंग जमतं असा एक सोयीस्कर समज आहे.

शिवाय विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर दाखवतात. त्याच रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संस्था, १९१७ ची. पोथ्या बघायला मिळतात का हे आधी विचारून जा, ते पर्यटनस्थळ नाही.

टेकडीवाला
हनुमान टेकडी कॉलेजच्या पाठीशीच आहे, पहाटे किंवा संध्याकाळी उजेड असेतो. अंधार पडल्यावर थांबू नकोस, टेकड्यांवर फोन हिसकावण्याचे प्रकार होतात. पावसाळ्यात गवत वाढलं की पायवाट सोडू नये, साप असतात. हिच्यावर दम लागेनासा झाला की पुढची वेताळ टेकडी.

पूर्णाकाठ
खूप उपयोग झाला. नऊ हजारांत बसेल असं वाटतंय. एकच राहिलं: वैशाली, रूपाली, गुडलक या हॉटेलांची नावं सगळे घेतात. जावं की नाही?

आपटेरोड
जा की. पण रविवारी सकाळी नाही, रांग रस्त्यावर असते. मधल्या वारी सकाळी साडेसातला वैशालीत किंवा दुपारी तीननंतर. गुडलक बनमस्का-चहापुरतं. रोजचा चहा पेठेतल्या अमृततुल्यात. भूक लागली तर आपटे रस्त्यावर संतोष बेकरीत गरम पॅटिस. ट्रे बाहेर आला की रांग लागते आणि बघता बघता संपतो.

नारायणपेठी
आणि सामान घेऊन नेमका कधी येणार ते पंचांग बघून ठरव. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात ज्ञानेश्वर-तुकोबांच्या पालख्या फर्ग्युसन रस्त्यानेच शहरात येतात, त्या दुपारी रस्ता बंद. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा पेठांतही गाडी शिरत नाही. गादी-बादल्यांसकट अडकायचं नसेल तर दोन दिवस आधी ये, बादली तुळशीबागेत मिळेल. रिकाम्या हाताने आलास तर मात्र पालखीच्याच दिवशी ये.

पूर्णाकाठ
आजी वारीत आहे यंदा. त्याच दिवशी येतो, गादी नंतर बघू.