नगरपरिषदेच्या संकेतस्थळासाठी सोपं मराठी लिहायचंय, सल्ला हवा

घाटमाथा
नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेचं संकेतस्थळ नव्याने होतंय आणि 'तुझं मराठी बरं आहे' एवढ्या भांडवलावर मजकुराचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सुरुवात जन्म-मृत्यू नोंदणीच्या पानापासून. तिथे सध्या हे आहे:

"जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मधील तरतुदींनुसार विहित मुदतीनंतर प्राप्त होणाऱ्या माहितीची नोंद सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने व विहित विलंब शुल्काचा भरणा केल्यानंतरच घेण्यात येईल, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी."

पान संपलं. खाली एक तिरका स्कॅन केलेला अर्ज. साहेब म्हणतात, सोपं केलं की कायदेशीर वजन जातं. नमुना, मार्गदर्शिका, कोश, काहीही सुचवा.

काठावरची
कोश नंतर उघडा. शब्द बदलून हे वाक्य सुधारणार नाही, कारण 'घेण्यात येईल' म्हणजे नेमकं कोण घेणार हेच त्यात नाही. आधी खिडकीवर बसणाऱ्या बाईंकडे तासभर बसा आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपा. 'बाळाची नोंद करायची राहिली, आता काय?' हा एक प्रश्न नक्की येणार. त्याचं उत्तर किती दिवस उलटले यावर आहे, तेव्हा पानही तसंच लावा:

"बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. जन्म दवाखान्यात झाला असेल तर माहिती दवाखाना कळवतो. घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायची. २१ दिवस उलटले पण ३० झाले नसतील, तर विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर, वर्षाच्या आत, लेखी परवानगीही लागते. वर्ष उलटलं असेल तर आधी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो."

मग लगेच परवानगी कोणाची, ती कुठे मिळते, शुल्क किती. '२१ दिवस' सरळ सांगता येत असताना 'विहित मुदत' कशाला? वर्षानंतरच्या नोंदींचे नियम २०२५ मध्ये राज्याने कडक केलेत, तेवढं ताजं परिपत्रक बघूनच लिहा.

तिरकस
एवढं स्पष्ट लिहिलंत तर नगरपरिषदेबाहेर छत्री लावून बसणाऱ्यांनी खायचं काय?

जुना लेखनिक
साहेबांच्या वजनाबद्दल. कायद्याचं वजन राजपत्रात असतं, संकेतस्थळाचं पान ही माहिती. पानाच्या तळाशी 'आधार: अधिनियमाचे कलम १३' अशी एक ओळ द्या, साहेब शांत होतील. नाहीच झाले तर कायदाच पुढे करा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की माहिती लोकांना सहज मिळेल अशा स्वरूपात द्या आणि स्थानिक भाषेचा विचार करा. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात तर सेवा, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील कोणाकडे, हे फलकावर आणि संकेतस्थळावर लावणं बंधनकारक आहे. ही माहिती प्रत्येक पानावर आली की निम्मं काम झालं.

भाषा संचालनालयाचे कोश ऑनलाइन आहेत. ते एकसूत्रीपणासाठी वापरा, म्हणजे एका पानावर 'मुख्याधिकारी' आणि दुसऱ्यावर 'चीफ ऑफिसर' असं होणार नाही. 'विलंब शुल्क' मात्र बदलू नका. पावतीवर तेच छापलेलं असतं, माणसाला खिडकीवर तेच बोलायचंय.

एक विनंती: 'करायचं', 'झालं' असं अनुस्वाराचं लिहू नका. नगरपरिषदेच्या पानावर 'करायचे', 'झाले' असेच हवे.

काठावरची
काका, अनुस्वाराचं मान्य. पण 'अर्जदाराने सादर करावा' नको. 'अर्ज द्या' म्हणावं.

थेम्सकाठी
इथे ब्रिटनमध्ये २०१२ पासून गव्ह डॉट यूके हे सरकारचं एकच संकेतस्थळ आहे. त्यांची लेखनशैलीची मार्गदर्शिका फुकट वाचायला मिळते, जरूर वाचा. नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येईल असं लिहा, असा त्यांचा दंडक. तो मोजायची इंग्रजी सूत्रं मात्र मराठीला लावू नका. आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते, सामासिक शब्द लांबतात, आकडा भलताच येईल. उचलायच्या दोन गोष्टी: एका पानावर एकच काम, आणि 'नेहमीचे प्रश्न' नावाचा वेगळा विभाग टाळायचा. प्रश्न नेहमीचा असेल तर उत्तर मूळ पानातच हवं ना.

स्पर्शवाचक
मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. तो तिरका स्कॅन माझ्यासाठी कोरा कागद आहे. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये न बदलता चिकटवला तर कानावर नुसती अक्षरांची खिचडी येते. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, नवी आवृत्ती २०२३ ची. तुमच्या कंत्राटदाराला ती दाखवा. आणि 'येथे क्लिक करा' असे पाच दुवे एका पानावर ठेवू नका. मला पाचही सारखेच ऐकू येतात. 'जन्म नोंदणीचा अर्ज उतरवून घ्या' असं लिहा.

घाटमाथा
सगळ्यांचे आभार. नाव नोंदवण्याच्या पानाचा मसुदा टाकतोय:

"जन्माची नोंद झाली, पण दाखल्यात बाळाचे नाव नाही? नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. आवश्यक कागदपत्रे: अर्ज, जन्म दाखला, आई-वडिलांचे ओळखपत्र इ."

काठावरची
छान उतरलंय. ते 'इ.' तेवढं काढा. माणूस सांगितलेलं सगळं घेऊन येतो आणि खिडकीवर त्याला त्या 'इ.'मधला कागद मागतात. यादी आरोग्य विभागाकडून पक्की करून घ्या, झेरॉक्स किती आणि मूळ कागद दाखवायचा का, तेही त्यातच. मग मसुद्याची प्रत काढून रांगेतल्या दोघा-चौघांना द्या आणि 'हे वाचून उद्या काय काय घेऊन याल?' एवढंच विचारा. 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात.