‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण मुलांना शिकवावी का?

शिवारवाट (धागालेखक):
ही म्हण आता खोटी ठरली आहे, तेव्हा ती मुलांच्या कानांवर घालू नये, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. मला हे मत मान्य नाही. आक्षेप घेणारे तिच्याकडे कमाईचा तक्ता म्हणून पाहतात. माझ्या मते ती उतरंड ताबेदारीची आहे, म्हणजे कोण कोणाच्या हुकमाखाली राबतो याची. उत्तर भारतात हीच म्हण हिंदीत प्रचलित आहे आणि तिथे चाकरीच्या खालची पायरी थेट भिकेची आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय संस्थेची नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले आणि पुढे त्यांनी शेतकरी संघटना उभी केली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्या संघटनेची घोषणा याच स्वाभिमानातून आली आहे, कारण स्वतःच्या कामाला उत्तम मानणारा माणूसच त्याचा दाम ठणकावून मागू शकतो. मुलांपासून ही म्हण दूर ठेवली, तर शेती म्हणजे नाइलाज एवढेच त्यांच्या मनावर ठसेल.

बांधकरी:
तुमचा मुद्दा ताबेदारीचा आहे ना, मग त्याच कसोटीवर पाहू. बाजार समितीत ट्रॅक्टर उभा राहतो, व्यापारी ट्रॉलीतले चार कांदे हातात घेऊन दाबून पाहतो, आकडा पुकारतो आणि दोन-तीन मिनिटांत वर्षाच्या मेहनतीचा निकाल लागतो. भाव पटला नाही तर माल परत नेण्याची मुभा असते, परंतु भाडे अंगावर पडते आणि कांदा साठवणीच्या चाळीत सडतो. हातात पडणाऱ्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीतून, हमाली, तोलाई आधीच वजा झालेली असते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी मे 2024 मध्ये उठली. तोवर ज्यांचा माल निघाला, त्यांना कोणी विचारले होते का? शेतीपंपाला वीज रात्री मिळाली तर शेतकरी रात्री उठून पिकाला पाणी देतो. हुकूम पाळणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

शिवाय जमीन राहिली आहे किती? कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होते, ते 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यावर दोन भावांचा प्रपंच चालत नाही. अशा घरातल्या मुलाला नोकरी कनिष्ठ असते असे सांगणे मला क्रूर वाटते.

शिवारवाट:
आपण सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे, पण ती शेतीला लादलेल्या बंधनांची कहाणी आहे. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, ती शेती सोडण्यासाठी नव्हे, तर जमीन आपल्या हाती राहावी म्हणून.

बांधकरी:
आणि 1879 मध्ये इंग्रज सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला, म्हणजे तेव्हाही उत्तम शेती कर्जात बुडालेली होती. जी स्थिती दीडशे वर्षांपूर्वीही नव्हती, तिचे गुणगान मुलांनी का पाठ करावे?

रानवाटा:
आपण दोघेही सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाबद्दल बोलत आहात. कांद्याची लागण, खुरपणी, काढणी आणि काटणी बहुतांशी बायका करतात, मग ती घरची शेती असो वा दुसऱ्याच्या बांधावरची रोजंदारी. त्यांच्या वाट्याला ना उत्तमपणा येतो, ना स्वाधीनता. सोयरीक जुळवताना ‘जमीन हवी, पण मुलगा नोकरीवाला हवा’ असे आया म्हणतात, तेव्हा त्यांना लोभी ठरवले जाते. मला त्यात अनुभवाचे शहाणपण दिसते. आमच्या भावकीतील एक सून अंगणवाडीत मदतनीस आहे. मानधन तुटपुंजे आहे, तरी ते तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते आणि मुलीची फी भरताना तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. शिवारवाट यांच्याच कसोटीवर तिची ‘कनिष्ठ’ नोकरी तिच्या सासरच्या सात एकरांपेक्षा वरची ठरते.

शिवारवाट:
हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. परंतु त्यावरचा उपाय म्हण टाकून देणे नसून जमीन बाईच्या नावे करणे हा आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम त्यासाठीच चालवली होती.

रानवाटा:
मोहीम चांगलीच होती, पण उताऱ्यावर नाव चढले म्हणजे व्यवहार हाती आला असे होत नाही. माझ्या पाहण्यातल्या कित्येक घरांत जमीन बायकोच्या नावावर आहे. तरीही पट्टी नवऱ्याच्या नावाने फाटते, पैसे त्याच्या खात्यात पडतात आणि पुढच्या हंगामात काय पेरायचे हेही तोच ठरवतो. तिला त्यातले काय विचारले जाते, ते आधी सांगा, मग ही म्हण मुलींना शिकवायची की नाही यावर बोलू.