विषय: 26 एप्रिल, ऑटफर्ड ते एन्सफर्ड पायी सहल

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

वसंतातली सहल यंदा बसने नाही, पायी. रविवार, 26 एप्रिल. लंडनजवळच्या केंट परगण्यातल्या डॅरेंट नदीच्या काठाने ऑटफर्ड, शोरम आणि एन्सफर्ड. अंतर सहा-सात मैल, चढ फारसा नाही. तिन्ही गावांची स्टेशनं एकाच मार्गावर आहेत, त्यामुळे कुणाचे पाय बोलायला लागले तर शोरमहूनच गाडी धरता येईल. म्हणून तर ही वाट निवडली.

एप्रिलअखेरच का, तर ब्लूबेल या निळ्या रानफुलांसाठी. झाडांना पूर्ण पालवी फुटून रानात सावली दाटली की या फुलांना ऊन मिळत नाही. म्हणून ती त्याआधीच उमलून घेतात. आपल्या वाटेवर ललिंगस्टोन पार्कमधल्या बीचन वुड या रानात ती दिसतात. एक कळकळीची विनंती: फोटोसाठी फुलांत उतरू नका, मुलांनाही उतरू देऊ नका. पानं तुडवली गेली की कंदाला अन्न पोचत नाही आणि तो तुकडा सावरायला वर्षं जातात. कंद उपटणं तर 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

नदीकडे जरा थांबून बघा. डॅरेंटला खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, टेकड्यांमधून झिरपलेलं पाणी मिळतं. जमिनीतून गाळून आलेलं पाणी, त्यामुळे तळाचे गारगोटे आणि पाण्याबरोबर डुलणारं शेवाळ स्पष्ट दिसतं. अशा नद्या जगात थोड्या आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्येच. भूजलाचा उपसा फार झाला तेव्हा हीच नदी काही ठिकाणी कोरडी पडली होती. आज तिला पाणी आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

शोरमला पोचताना डावीकडच्या टेकडीवर पांढरा क्रूस दिसेल. पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या मुलांसाठी गावकऱ्यांनी 1920 मध्ये टेकडीवरची माती खरवडून खालचा खडू उघडा केला. सॅम्युअल पामर हा चित्रकार 1820 च्या दशकात याच गावात राहायला आला आणि ही टेकाडं, हे चांदणं रंगवत राहिला.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा.

प्रेषक: एक सभासद, हॅरो

ताई, बेत छान आहे, पण थोडी धास्ती वाटते. आमच्याकडे सासू-सासरे आलेत. मागे एका गटाबरोबर असंच गेलो होतो, तर वाट थेट उभ्या गव्हातून निघाली. सगळेच थबकले. कुणाच्या पिकात पाय कसा घालायचा? शेवटी डांबरी रस्त्याने वळसा घातला. तिथे कडेला चालायला जागा नाही आणि गाड्या भरधाव. सासूबाई इतक्या घाबरल्या की पुढे त्यांना कशातच रस राहिला नाही.

त्यापेक्षा एखाद्या मोठ्या बागेत कोच नेली तर? स्वच्छतागृह, कॅफे, बाक, सगळं एका जागी. ज्येष्ठांनाही बरं.

प्रेषक: एक सभासद, ऑर्पिंग्टन

नमस्कार. बाबा सध्या इथे आहेत. सातारा जिल्ह्यात तलाठी होते. वरच्या दोन्ही मेल त्यांनी मला वाचून दाखवायला लावल्या. पुढचं सगळं त्यांचं, टाइप मी करतेय.

"हॅरोच्या ताईंनी पिकात पाय घातला नाही, हे शेतकऱ्याच्या घरच्या माणसासारखंच वागल्या. पण तिथे वाट होती का, ते आधी बघायला हवं. आपल्याकडे गाव नकाशावर शिवरस्ता, पाणंद, पायमार्ग तुटक रेघांनी दाखवलेले असतात. कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा, 1906 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. अशा किती पंचनाम्यांना मी बांधावर उभा राहिलोय. वाट एका दिवसात कुणी गिळत नाही. लोक जायचे थांबतात, गवत माजतं, मग शेजारी दर नांगरटीला एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, पुढे सरकतो. इथे हा नकाशा कोण ठेवतं आणि वाट नांगरली तर दाद कुणाकडे मागायची, तेवढं सांगा. मी येणारच आहे."

प्रेषक: सहल समिती

काका, तुम्ही विचारलंत त्यातच हॅरोच्या शंकेचं उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जमीन शेतकऱ्याची, पण वहिवाटीचा हक्क सगळ्यांचा. 1949 च्या कायद्याने असे हक्काचे मार्ग नकाशावर नोंदवणं सक्तीचं झालं. तो नकाशा काउंटी कौन्सिल ठेवते आणि त्यावर मार्ग दाखवला असेल तर तोच पुरावा. आपल्या हातातल्या नारिंगी कव्हरच्या 1:25,000 नकाशावर याच वाटा हिरव्या तुटक रेघांनी छापलेल्या असतात. खांबावर पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा.

शेताच्या मधून जाणारी पायवाट शेतकरी पेरणीसाठी नांगरू शकतो, पण सहसा 14 दिवसांत त्याने ती पुन्हा आखून द्यावी लागते, कमीत कमी एक मीटर रुंद. दिली नाही तर तक्रार कौन्सिलकडे. तेव्हा गव्हातून जायची वेळ आली तर एकामागे एक, नकाशावरच्या रेषेने सरळ चालायचं. कडेकडेने जाणं सभ्यपणाचं वाटतं, पण आपला हक्क त्या मधल्या रेषेवर आहे. बांधाच्या कडेने गेलो तरच परक्याच्या शेतात शिरल्यासारखं होतं.

हे हक्क फुकट मिळालेले नाहीत. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो तरुण कामगार जमीनमालकांची बंदी झुगारून चढले. त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. अशा चळवळींचा रेटा नसता तर 1949 चा कायदा आलाच नसता. मोकळ्या माळरानावर फिरण्याची मुभा देणारा कायदा व्हायला तर 2000 साल उजाडलं. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं ते सालही 1932 च. आपलीही माणसं तेव्हापासून इथे आहेत, या वाटा आपल्याही आहेत. म्हणूनच मला बागेच्या फाटकातून तिकीट काढून आत जाण्यापेक्षा हे हवं आहे. बाग आपल्याला पाहुणे म्हणून घेते.

सासूबाईंसाठी वेगळी सोय करते. ज्यांना थोडंच चालायचं आहे त्यांनी एन्सफर्डला उतरून माझ्या बहिणीबरोबर नदीकाठाने उलट दिशेने ललिंगस्टोनपर्यंत यावं. वाट बहुतेक सपाट आहे. पार्कच्या केंद्रात कॅफे आणि स्वच्छतागृह आहे, आपण सगळे तिथेच भेटू. वाटेत रोमन व्हिला लागतो. तिथली चित्रांची फरसबंदी चौथ्या शतकातली आहे, तीत बैलाच्या रूपातला रोमन देव ज्युपिटर युरोपा नावाच्या राजकन्येला पळवून नेतोय. तिकीट आहे, पण बघाच.

बाकी थोडं. कोकरं असलेल्या शेतात कुत्रा साखळीला. गाय वासरासह दिसली तर मध्ये न जाता लांबून वळसा, तेवढ्यापुरती वाट सोडली तरी चालेल. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवायचं. बूट जाड तळाचे, पाऊस झाला तर नदीकाठी चिखल नक्की. जेवण डब्यातलं: दशम्या, लसणाची चटणी, कोरडी भाजी, काहीही आणा, पण पबच्या बाकांवर डबे उघडू नका. एन्सफर्डला जुन्या पुलाशेजारी नदीतूनच गाड्या जातात, मुलांना तिथे पाण्यात खेळायचं असतं, एक जोड कपडे जास्त घ्या.

रविवारी रुळांची कामं निघतात, म्हणून गाडीची वेळ शनिवारी रात्री पक्की करून कळवते. काका, तुम्ही माझ्याबरोबर पुढे चला, नकाशा तुमच्या हातात.