मदत हवी आहे: ग्रेड टू फॅटी लिव्हर आणि घरातलं आहारयुद्ध

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचायला येते, फार तर पाककृतींच्या धाग्यावर डोकावते. आज स्वतःच्या कामासाठी धागा काढलाय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीचे. हे मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. वय ४७, उंची १६८ सेंमी, वजन ७८ किलो, आणि कमरेचा पट्टा दर दिवाळीला एक भोक पुढे सरकतोय. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. मूतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी केली. खडा निघाला मोहरीएवढा, पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ आली: ग्रेड टू फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात मध्यम चरबी. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, तेलकट बंद करा, तीन महिन्यांनी दाखवा. दोन मिनिटांत आम्ही बाहेर.

तेव्हापासून घरात तीन पक्ष झालेत. आत्तेसासूबाईंनी फोनवर हळूच विचारलं, “खरंच घेत नाही ना गं तो?” सासूबाईंनी साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केला, का तर गूळ औषधी. पुण्याच्या भाचीने ‘अँटी-इन्फ्लमेटरी डाएट’ असा रंगीत तक्ता पाठवलाय. त्यात अ‍ॅव्होकॅडो, ब्लूबेरी, किन्वा, ऑलिव्ह तेल आणि रोज हळदीच्या दोन कॅप्सूल, मिरीच्या अर्कासकट. अहो, ह्यांच्या दुकानात दुपारी हमाल हळदीच्या पोत्यांना टेकून डुलकी काढतात, आणि मी हळद कुरियरने मागवू?

ह्यांचं खाणं प्रामाणिकपणे लिहिते. सकाळी चहा-खारी. नाश्त्याला पोहे नाहीतर भडंग, वर फरसाण. दुकानात दिवसभर चहा, घरचे धरून सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर (आता गूळ). दुपारी डबा: चपात्या, भाजी, भात. संध्याकाळी यार्डाच्या दारात भजी. रात्रीचं जेवण साडेदहाला. गुरुवारी उपास, म्हणजे साबुदाणा. रविवारी मटण.

तक्त्यात सारखं ‘इन्फ्लमेशन’ लिहिलंय. सासूबाई त्याला उष्णता म्हणतात आणि सब्जा देतात. हे नक्की असतं काय? यकृताशी त्याचा संबंध काय? गूळ चालेल का? आणि त्या कॅप्सूल?

वाटाणाफुटाणा:
ताई, सहा कप गुणिले दोन चमचे, म्हणजे बारा. घरचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ६० ग्रॅम साखर, आणि ती नुसती चहातली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा. आत्तेसासूबाईंना सांगा, घेतात हो, पण कपातून.

अनुस्वार:
कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

सासूबाईंची उष्णता आणि तक्त्यातलं इन्फ्लमेशन या दोन वेगळ्या गोष्टी. मराठीत आपण त्याला दाह म्हणतो आणि लगेच छातीतली जळजळ आठवते, म्हणून घोळ होतो. बोटाला काटा लागला की जागा लाल होते, सुजते, दुखते. तो दाह कामाचा, काम झालं की मिटणारा. इथला दाह मंद धुमसणारा असतो, ना ताप ना ठणका. तो रक्तात सापडतो, सीआरपीसारख्या पदार्थांच्या पातळीत (सीआरपी म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन).

आता यकृत. पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी साठते ती नुसती पडून राहत नाही. तिच्यातून मेदाम्लं सुटतात, दाह वाढवणारे रेणू सुटतात. आतड्यांकडून येणारी मोठी शीर थेट यकृतात उघडते, त्यामुळे पहिला मार त्यालाच. त्यात इन्सुलिन नीट लागू होत नसेल तर यकृत स्वतःच जास्तीच्या साखरेची चरबी बनवायला लागतं. फळशर्करेचा, म्हणजे फ्रुक्टोजचा, बराचसा निपटारा यकृतच करतं, आणि आपल्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजच असतो. यकृताच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी दिसली की ते फॅटी लिव्हर. म्हणून दारू न पिणाऱ्यालाही होतं. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी या आजाराचं नावच बदललं. आधीच्या नावात ‘नॉन-अल्कोहोलिक’ होतं, आता ‘मेटाबॉलिक’ आहे. आत्तेसासूबाईंना पुढच्या फोनला हे सांगून बघा.

गूळही बहुतांशी साखरच. लोह आणि खनिजं किंचित जास्त, पण तेवढ्यासाठी दिवसाला बारा चमचे खायचे तर लोहाआधी पोट वाढेल. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे सांगताना माझी जीभ अडखळते, माझं आजोळ तिकडचंच.

भाचीच्या तक्त्यामागे मात्र शास्त्र आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी आहाराचा दाह-निर्देशांक तयार केला, म्हणजे कोणाचं खाणं दाह किती वाढवतं किंवा उतरवतं याचे गुण, २०१४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्यात आहारातले ४५ घटक धरलेत. तंतू, जीवनसत्त्वं, ओमेगा-३ दाह उतरवणाऱ्या बाजूला. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट (वनस्पती तुपात असायची ती) दुसऱ्या बाजूला. आणि गंमत बघा, उतरवणाऱ्यांच्या यादीत हळद, आलं, लसूण, कांदा आणि चहासुद्धा आहे! म्हणजे आपली फोडणी परदेशी निर्देशांकात आधीच बसलेली आहे. पण गुण एकेका पदार्थाला नसतात, अख्ख्या आहाराला असतात. भज्यांच्या पिठात हळद घातली म्हणून भजी सुटत नाहीत.

ज्यांच्या आहाराचा निर्देशांक दाहाकडे झुकतो त्यांच्यात फॅटी लिव्हर जास्त आढळतं, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलंय. पण या नुसत्या पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत. असं खाणारा माणूस बहुधा वजनानेही जास्त असतो, चालतोही कमी, मग दोष नेमका कशाचा हे सुटं करणं अवघड. शिवाय सीआरपी बनतं यकृतातच. आधी धूर की आधी आग, यावर आमच्या स्टाफरूममध्ये चहा गार होईस्तोवर वाद होतो.

गावरान_काढा:
एवढं कशाला? परसातली गुळवेल आणा, रोज सकाळी काढा. यकृत साफ. निसर्गाचं आहे, अपाय नाही.

निवृत्त_सिस्टर:
गावरान भाऊ, राग मानू नका, पण इथे थांबा. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली. निसर्गाचं म्हणून अपाय नाही हे वाक्य पिवळ्या डोळ्यांच्या माणसांकडून फार वेळा ऐकलंय. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापून मांडलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही, वाद झाला. वाद ज्याचा त्याला लखलाभ, पण आधीच सुजलेल्या यकृतावर कोणी प्रयोग करू नये.

हळदीच्या कॅप्सूलचं तेच. भाजीतली हळद पिढ्यान् पिढ्या खातोय, ती खा. कॅप्सूलमध्ये अर्क असतो, वर मिरीचा अर्क घालून तो शरीरात जास्त शोषला जावा अशी सोय केलेली असते. अशा गोळ्यांनी यकृत बिघडल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. थोड्यांनाच होतं, पण त्या थोड्यांत आपण आहोत का हे आधी कळत नाही.

कृष्णाकाठची, रक्ताचे आकडे द्या: एसजीओटी, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन विकरं), प्लेटलेट. सोनोग्राफीचा ग्रेड चरबी किती ते ढोबळ सांगतो. यकृत कडक व्हायला लागलंय का, हे त्यावरून कळत नाही, आणि खरी काळजी त्याची.

कृष्णाकाठची:
सिस्टर, हे घ्या. एसजीओटी ५२, एसजीपीटी ८४, प्लेटलेट २ लाख १० हजार. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४०. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. आणि गुळाचा डबा मी माळ्यावर टाकलाय, घरात अबोला आहे.

निवृत्त_सिस्टर:
एक साधा हिशेब असतो, फिब-फोर म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. तुमचा: ४७ × ५२ = २४४४. खाली २१० × ९.१७, म्हणजे साधारण १९२५. उत्तर १.२७. १.३ च्या आत असेल तर यकृत फार कडक झालेलं असण्याची शक्यता कमी. तुमचे साहेब आत आहेत, पण उंबरठ्याला पाय लावून. साखरही मधुमेहाच्या अलीकडच्या पट्ट्यात आहे. म्हणून डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल विचारा, यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी असते ती. सुई नाही, कापाकापी नाही, तीन तास उपाशी जायचं, दहा मिनिटांत काम. हेपटायटिस बी आणि सी तपासले नसतील तर तेही, कारण एसजीपीटी वाढायला चरबी हे एकच कारण नसतं.

वजनाचं गणित लिहून फ्रिजवर लावा. ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूज उतरते. ७८ चे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. सहा महिन्यांत करा, उपाशी राहून महिन्यात नको. झपाट्याने उतरवलेलं वजनही यकृताला सोसत नाही.

दूरदेशी:
मस्कतहून लिहितोय. तीन वर्षांपूर्वी मीही याच रांगेत होतो, आणि मी तर दिसायला काटकुळा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४. डॉक्टर म्हणाले, भारतीयांसाठी २३ च्या वर गेलं की जास्तच, आणि पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत हवी. माझी ९६ होती, ढगळ शर्टात झाकलेली. वहिनी, वजनकाट्याबरोबर टेपही आणा.

मी पण आधी तक्त्यातलं सगळं आणलं. अ‍ॅव्होकॅडो दोन दिवस कच्चा, तिसऱ्या दिवशी सडका, मधे पिकलेला कधी सापडलाच नाही. शेवटी आईने फोनवरून ताट लावून दिलं. जवसाची चटणी रोज (वनस्पतीतलं ओमेगा-३ तिच्यात भरपूर), आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा, तळून नाही, तिखलं करून. भाताच्या जागी निम्म्या वेळा ज्वारीची भाकरी. मटकी, मूग, हुलगे. भाजी वाटीभर नाही, ताटभर. चहा दोन कप, बिनसाखरेचा. पहिला आठवडा शिक्षा, नंतर साखरेचा चहा पाकासारखा लागायला लागला. बिनसाखरेची कॉफीही चालते, डॉक्टर उलट बरी म्हणाले. रोज ४५ मिनिटं चालणं. सात महिन्यांत सहा किलो गेले, एसजीपीटी ९१ वरून ३८.

मला सर्वांत जड गेली ती खारी. मैदा आणि वनस्पती तूप, दोन्ही एकाच घासात. आता तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, २०२२ पासून, पण खारी तेवढ्याने भाकरी होत नाही.

गावरान_काढा:
सिस्टर, राग नाही. पण उपासाला तरी साबुदाणा सोडायला सांगू नका, देव कोपेल.

निवृत्त_सिस्टर:
देव कशाला कोपेल, त्याला वरी आणि राजगिरा पण चालतो. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, वर तूप आणि बटाटा. वरीचा भात मोजकाच, दाण्याच्या आमटीत लाल भोपळा घाला, सोबत ताक. आणि उपासाच्या दिवशी दुप्पट खायचं नाही, हे मी माझ्या घरातही अजून कोणाला पटवू शकलेले नाही.

कृष्णाकाठची:
मंडळी, उशिरा येतेय, यार्डात हळदीचा हंगाम होता. फायब्रोस्कॅन झाला. कडकपणा ६.४ आला, ८ च्या आत आहे म्हणून डॉक्टर निर्धास्त. चरबीचा आकडा २९८, तो जास्तच. हेपटायटिस दोन्ही निगेटिव्ह. या वेळी मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते, पंधरा मिनिटं बोलले डॉक्टर. कॅप्सूलला त्यांनीही नाहीच म्हटलं. भाचीला कळवलंय, ती रुसलीय, पण तक्त्यातलं ‘अर्धं ताट भाज्या’ हे कलम आम्ही ठेवलंय.

वजन ७५.८. दुकानात ह्यांनी चहावाल्याला सांगितलंय, दिवाणजींचा बिनसाखरेचा, तर सगळे हमाल विचारतात, साहेब, घरी काही झालं का. रात्रीचं जेवण साडेआठला आणलंय, चालायला हे कृष्णेच्या घाटापर्यंत जातात. सासूबाई बोलायला लागल्या आहेत. गुळाचा डबा खाली आलाय, पण फक्त आमटीपुरता.

अडलंय ते भडंगावर. फरसाण सुटलं, खारी सुटली, भडंग म्हटलं की माणूस लहान मुलासारखा तोंड पाडतो. कमी तेलाचं कोणी करतं का?

वाटाणाफुटाणा:
इतके दिवस वाट बघत होतो या प्रश्नाची! चुरमुरे आधी कढईत कोरडेच मंद आचेवर कुरकुरीत करून घ्या. तेल कच्चं वरून ओतायचं नाही, तिथेच पावशेराला अर्धी वाटी जाते. पावशेर चुरमुऱ्यांना तीन चमचे तेल पुरतं. त्यात ठेचलेला लसूण भरपूर, तांबूस होईस्तोवर, मग कढीपत्ता, गॅस बंद करून हळद, तिखट, मेतकूट, मीठ. दाणे वेगळे भाजून घाला, तळून नाही. पिठीसाखर नाही. मूठभर जवस भाजून टाका, कळत पण नाही. आणि डबा दिवाणजींच्या हाताला लागेल असा ठेवू नका, वाटीत काढून द्या.