'पॅरिटी बिट'ला मराठीत काय म्हणावं?

डिप्लोमाच्या मुलांसाठी डिजिटल कम्युनिकेशनची टिपणं मराठीत काढतोय. 'एरर'ला त्रुटी आणि 'पॅरिटी बिट'ला समता बिट असं लिहिलं. एकाने लगेच विचारलं, "सर, मग विषमता बिट कुठला?" 'चेकसम' (चूक पकडायला सोबत पाठवलेली बेरीज) आणि 'रिडंडन्सी' (मुद्दाम जोडलेली जादा माहिती) भीतीने तसेच ठेवलेत. सुचवा काहीतरी.

—

पोराचं बरोबर आहे. पॅरिटी बिट म्हणजे 0 आणि 1 च्या ओळीत चूक कळावी म्हणून शेवटी जोडलेला एक जादा बिट, म्हणजे आणखी एक 0 किंवा 1. इथे 1 किती वेळा आला ते मोजून तो आकडा सम की विषम एवढंच बघतात. 1011001 मध्ये चार वेळा, म्हणजे सम. म्हणून शेवटी 0 जोडायचा. वाटेत एक बिट उलटला की आकडा विषम होतो आणि घोटाळा कळतो. 'समविषम बिट' लिहा. सामाजिक समतेला यात ओढू नका.

—

'ताळा' हा शब्द कुणालाच कसा आठवला नाही? शाळेत गुणाकार झाला की नऊचा ताळा करून बघायचो. 23 गुणिले 14 बरोबर 322. 23 चे 5 (2 अधिक 3), 14 चे 5, पाचा पाचा पंचवीस, त्याचे 7. इकडे 322 चेही 7. ताळा जमला! चेकसम म्हणजे दुसरं काय असतं? ताळेबंद, ताळमेळ, पडताळणी ही सगळी त्याच घरची मंडळी.

आणि ताळ्याची खोडसुद्धा तीच. 322 ऐवजी 232 लिहिलंत तरी 7 च येतात. पॅरिटीतही दोन बिट उलटले की आकडा पुन्हा सम होतो आणि चूक निसटते. आधारच्या बाराव्या आकड्याचा ताळा मात्र व्हरहूफ पद्धतीचा आहे. शेजारचे दोन वेगळे आकडे अदलाबदल झाले तर तो पकडतो.

—

ताळा आवडला, पण तो 'डिटेक्शन'पुरताच, म्हणजे चूक पकडण्यापुरताच. ताळा चुकला हे कळतं, कुठे चुकला ते कळत नाही. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यालाच वैतागला होता. शनिवार-रविवारी रिलेच्या (विजेवर उघडमीट होणाऱ्या स्विचांच्या) गणकयंत्रावर काम लावून जायचा. चूक सापडली की यंत्र ते काम टाकून पुढचं घ्यायचं. चूक आहे हे यंत्राला कळतं, तर जागा का कळू नये? त्याचं उत्तर 1950 मध्ये छापून आलं. सात बिटांपैकी 1, 2 आणि 4 या जागांवर ताळे बसवायचे. 1 आणि 4 या जागांवरचे ताळे चुकले तर 1 अधिक 4, म्हणजे पाचवा बिट उलटलाय. बिटाला दोनच रूपं, त्यामुळे जागा कळली की दुरुस्ती झालीच. (दोन उलटले तर मात्र हा भलत्याच बिटाला हात घालतो.)

—

रिडंडन्सीला 'अतिरिक्तता' नको, ते नोकरकपातीच्या नोटिशीसारखं वाटतं. चेकवर आपण रक्कम आकडी लिहितो आणि 'अक्षरी रुपये' पुन्हा लिहितो, ती रिडंडन्सीच. शिवाय 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 18 प्रमाणे दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची. म्हणजे नुसता शोध नाही, दुरुस्तीचा नियमही आला! मी 'राखीव जोड' म्हणेन.

—

ठरलं: 'ताळा बिट', 'राखीव जोड'. 'चेकसम'ला 'बेरजेचा ताळा'. आता 'त्रुटी'च खटकायला लागलाय. अर्जात त्रुटी निघते तेव्हा काहीतरी राहून गेलेलं असतं. इथे बिट हरवत नाही, पालटतो. तूर्त 'चूक' लिहितो. समविषमवाल्यांनी रागावू नये, कंसात तुमचाही घेतलाय.