१५ एचपी टू-स्ट्रोक मशीन स्लोला आणलं की बंद पडतं

देवबाग_फायबर:
नमस्कार मंडळी. आमच्या फायबर होडीला यामाहा १५ एचपी टू-स्ट्रोक आहे, मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन, वडिलांनी घेतलेलं जुनं मशीन, पण अंगात जोर अजून आहे. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली, शेडमधनं काढलं आणि तेव्हापासून एकच त्रास. चोक ओढून पहिल्या-दुसऱ्या दोरीत चालू होतं, थ्रॉटल दिला की मस्त पळतं, फुल्लवर काही तक्रार नाही, पण स्लोला, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर आणलं की थोडं थरथरतं आणि बंद. न्यूट्रलमधून गिअर टाकला तर हमखास बंद. जाळी ओढताना मशीन स्लोवरच लागतं, आणि संगमावर, खाडी समुद्राला मिळते तिथे, लाट बघून थांबावं लागतं तिथे हे असं झालं की जीव घशाशी येतो. प्लग नवे टाकले, एनजीके बी७एचएस-१०, ऑइल ५० भाग पेट्रोलला १ भाग. गावात एक जण म्हणतो स्लोचा स्क्रू फिरवून रेस (इंजिनचा वेग) वाढव, दुसरा म्हणतो प्लगला स्पार्क देणारी कॉइल गेली. कॉइल महाग पडते, उगाच घ्यायची नाहीये. सुरुवात कुठून करू?

हर्णै_ओबीएम:
रेस वाढवू नको बाबा, हे आधी सांगतो. रेस वाढवली की बंद पडणं थांबेल, पण मग गिअर टाकताना खाडकन आवाज येईल, त्या धक्क्यांनी आतल्या क्लच डॉगच्या, म्हणजे गिअर अडकवणाऱ्या तुकड्याच्या, दातांच्या कडा गोल होतात आणि पुढे लोड आला की गिअर सुटायला लागतो. तेव्हा लोअर युनिट, म्हणजे पाण्यातला गिअर-पंख्याचा भाग, उघडायला लागेल, तो खर्च कॉइलपेक्षा भारी.

कॉइलचं म्हणशील तर विचार कर, दोरी ओढताना इंजिन स्लोपेक्षाही हळू फिरतं, तेव्हा स्पार्क मिळतोय म्हणून तर पहिल्या दोरीत उठतंय ना. तरी एकदा चांगलं गरम झाल्यावर बंद करून लगेच परत ओढून बघ, गरम असतानाही तसंच उठलं तर कॉइलचा विषय सध्या बाजूला ठेव.

फुल्लवर पळतंय म्हणजे जास्त वेगाला पेट्रोल देणारा मेन जेट बरा आहे. स्लोला पेट्रोल वेगळ्या वाटेनं येतं, पायलट जेटमधून, आणि त्याचं भोक केसाएवढं. पण कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, हे जेट त्यातच असतात) खोलायच्या आधी हे कर. मशीन पिपात उभं कर, गोडं पाणी, कूलिंगची तोंडं पूर्ण बुडतील इतकं, न्यूट्रलमध्येच, किल कॉर्ड (ओढली गेली की मशीन बंद करणारी दोरी) मनगटाला. गरम होऊ दे. स्लोला आण आणि बंद पडायला लागलं की चोक अर्धा ओढ. सावरलं तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा ओढतंय. चोकनं आणखी लवकर बंद पडलं तर पेट्रोल जास्त होतंय, कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई बघायची. मग परत स्लोला आण, या वेळी चोक नाही, पेट्रोलच्या पाइपावरचा रबरी फुगा दाब. फुग्यानं सावरलं तर फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा), पाइपाच्या क्लिपा आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघ. काय होतं ते इथे लिही, मग पुढचं सांगतो.

मांडवीकाठ:
पेट्रोल कुठलं आणि कधीचं? आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, म्हणजे १० लिटरमध्ये २ लिटर इथेनॉल. ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे विचारूच नका. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉलसकट खाली बसतं आणि टाकीतून पाइप पेट्रोल उचलतो तोही तळातूनच. जुनं पेट्रोल शिल्लक असेल तर काचेच्या बरणीत ओतून रात्रभर ठेव, तळाशी वेगळा थर दिसला तर ते मशीनला देऊ नको. यापुढे पावसाळ्यात ठेवताना पाइप काढून मशीन आपोआप बंद होईपर्यंत चालव आणि कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू काढून उरलंसुरलं सोडून दे.

देवबाग_फायबर:
पिपात लावून बघितलं. चोक अर्धा ओढला की लगेच सावरतं, सोडला की परत मरायला लागतं. फुग्यानं काही फरक नाही. गरम असताना पण एका दोरीत उठलं.

हर्णै_ओबीएम:
मग कॉइल घेऊ नको. आधी हवा बघ, ते काम सोपं आहे. स्लोवर चालू असताना कार्बोरेटर जिथे इंजिनला बसतो त्या गॅस्केटच्या कडेला ब्रशनं थोडं टू-स्ट्रोक ऑइल लाव, हात फ्लायव्हीलपासून लांब. आवाज बदलला, रेस सुधारली तर तिथून हवा ओढतंय, गॅस्केट बदल. नाही बदलला तर कार्बोरेटर काढ. मिक्श्चरचा (स्लोला पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढण्याआधी तो हळू आत फिरव, टेकेपर्यंत किती फेरे झाले ते लिहून ठेव, जोर देऊ नको नाहीतर टोक खराब होतं. पायलट जेटवर काही कार्बोरेटरला रबरी बूच असतं, ते काढल्याशिवाय दिसत नाही आणि मग लोक वाटी पुसून कार्बोरेटर साफ झाला म्हणतात. जेट उजेडात धर, गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. सुई-तार घालू नको, भोक मोठं होतं, क्लीनर आणि हवेचा प्रेशर. बटरफ्लायच्या (थ्रॉटलनं उघडणाऱ्या झडपेच्या) कडेला बारीक भोकं असतात, त्यातूनही क्लीनर मारून दुसऱ्या टोकाने बाहेर येतो का बघ, बऱ्याचदा घाण तिथेच असते. रबरी रिंगा आणि फ्लोटची सुई क्लीनरमध्ये बुडवू नको.

खाडीवाला_काका:
हे सगळं होईपर्यंत संगमाच्या बाहेर जाऊ नको रे पोरा. खाडीतच बघ काय ते. आणि मशीन कितीही चांगलं असलं तरी वल्हं आणि दोरासकट नांगर होडीत पाहिजेच, बंद पडलं की पहिला नांगर टाकायचा, मग मशीनकडे बघायचं. लाटेत होडी आडवी झाली तर दोरी ओढायला वेळ मिळत नाही.

देवबाग_फायबर:
काका, बरोबर, खाडीतच आहे. ऑइल लावून आवाज बदलला नाही म्हणून कार्बोरेटर काढला. बूच होतंच, आणि पायलट जेटमध्ये हिरवट चिकट थर, उजेड अजिबात दिसत नव्हता. साफ करून बसवलं, स्क्रू होता तिथेच ठेवला. आता न्यूट्रलला छान टिकतं, पण गिअर टाकला की रेस फार पडते, कधी कधी बंद.

हर्णै_ओबीएम:
आता ते पिपात नको, पाण्यात कर. होडी जेट्टीला पुढून-मागून बांध, मशीन गरम कर, फॉरवर्ड गिअरमध्ये स्लोला ठेव आणि मिक्श्चरचा स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरव, प्रत्येक वेळी थोडं थांब, मशीनला उत्तर द्यायला वेळ लागतो. कार्बोरेटरमधून फट् करून शिंकलं तर पेट्रोल कमी पडतंय, परत उलट घे. एकसारखा आवाज आला की किंचित जास्त पेट्रोलच्या बाजूला सोड. रेसच्या स्क्रूला हात लावायचा तो त्यानंतर, आणि तोही गिअर आवाज न करता पडेल इतपतच.