स्वानेतीतल्या यजमानांचा पाहुणचार आणि पैशांचा व्यवहार

रानवाट (प्रश्न):
जॉर्जियातल्या स्वानेती भागात मेस्तिया ते उश्गुली ही डोंगरवाट चालताना, खर्च आटोक्यात राहावा म्हणून आम्ही पती-पत्नी गावकऱ्यांच्या घरीच उतरत होतो. वाटेवरच्या आदिशी गावातल्या घरच्या आजीबाईंनी आम्ही शाकाहारी आहोत हे कळताच लोबिओ, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची उसळ, आणि म्चादी, म्हणजे मक्याची जाड भाकरी, आमच्यासाठी वेगळी केली. एकमेकींचा एक शब्दही कळत नसताना माझ्या पत्नीला त्यांनी चुलीपाशी बसवून घेतले. पावसामुळे एक मुक्काम वाढला, तर त्या रात्रीचे पैसे त्यांनी काही केल्या घेतले नाहीत. आता पुन्हा जायचे घाटते आहे, मात्र हात अजून आखडताच आहे. त्या माउलीचा जीव न दुखावता हे ऋण कसे फेडावे?

उंबरठा:
ठरलेला दर पूर्ण द्या आणि घासाघीस मुळीच करू नका. तिथला हंगाम साधारण जून ते सप्टेंबर एवढाच असतो आणि पुढे बर्फ पडल्यावर घरात येणारा पैसा जवळजवळ थांबतो. १९८७ सालच्या हिमस्खलनांनंतर कितीतरी स्वान कुटुंबे डोंगर सोडून सखल भागात गेली. जी मागे राहिली, त्यांच्यातल्या अनेकांना उन्हाळ्यातल्या पाहुण्यांचाच आधार आहे. आजीबाई घेत नसतील तर घरचा हिशेब सांभाळणाऱ्या लेकीकडे किंवा सुनेकडे द्यावे. शक्य असल्यास संकेतस्थळावरून न जाता थेट त्यांनाच कळवून खोली ठरवावी, म्हणजे दलालीही वाचते.

गिरिजन:
वरील मताशी सहमत आहे. भेट न्यायचीच असेल तर मसाले न्या. स्वानी मिठात लसूण, धणे, निळी मेथी आणि झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या कुटून घातलेल्या असतात, त्यामुळे आपल्या मसाल्याचा वास त्या स्वयंपाकघरात परका वाटत नाही. मागच्या वेळी काढलेली छायाचित्रे कागदावर छापून न्यावीत. जेवणाची मोठी पंगत, म्हणजे सुप्रा, असेल तर तामादा, म्हणजे पंगतीचा सूत्रधार, एकेका निमित्ताने पेला उंचावतो, दिवंगतांचीही आठवण काढतो. तिथे सरबताचा पेला हाती घेऊन आजीबाईंबद्दल मनापासून बोलावे; मराठीत बोललात तरी चालेल.

सावली:
एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक घराने अशीच माया लावावी ही अपेक्षा पाहुण्याने धरू नये. गाई पाहून, पाव भाजून, दहा जणांचे अंथरूण-पांघरूण काढून थकलेल्या बाईला रात्री उशिरापर्यंत गप्पांसाठी बसवून ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते. ताटे उचलून द्यावीत, सकाळी किती वाजता निघणार ते आदल्या संध्याकाळीच सांगावे. आदिशीच्या पुढे नदी घोड्यावरून पार करून देणाऱ्यांशीही भाव पाडत बसू नये. लारीच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, सुट्या नोटा मेस्तियातच काढून ठेवा. पुढच्या गावांत एटीएम मिळेल या भरवशावर राहू नका.